वाय-फायवर कोण कोण आहे?

आमच्या घरी माणसं चार. वाय-फायवर मात्र अकरा जण निघाले. हे कळायला उबुंटूवर एक छोटासा प्रोग्राम टाकावा लागला: आर्प-स्कॅन. टर्मिनल उघडायचं, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आर्प-स्कॅन’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आणि पासवर्ड द्यायचा. माझ्या संगणकावर तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. तुमच्याकडेही तसं झालं तर कीबोर्ड बिघडला असं समजू नका, एंटर दाबा. मग दुसरी आज्ञा: ‘सुडो आर्प-स्कॅन --लोकलनेट’.

दोनेक सेकंदांत यादी समोर येते. राउटर चालू ठेवून इंटरनेटची तार काढली तरी येते, कारण हा सगळा संवाद घरातल्या घरात चालतो.

तो संवादच मला विलक्षण वाटतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. आयपी पत्ता राउटर देतो, तो बदलू शकतो. मॅक पत्ता कारखान्यातूनच येतो. घरातल्या घरात डेटा पोचवायचा तर मॅक पत्ता कळलाच पाहिजे. तो कसा शोधायचा याचा नियम एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून ठेवला, आणि घरोघरी आजही तोच चालतो. नियम अगदी गावातल्या दवंडीसारखा आहे. ‘१९२.१६८.१.७ हा पत्ता कोणाचा? मला सांगा,’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं. ऐकतात सगळे, उत्तर देतो फक्त ज्याचा पत्ता तो. आर्प-स्कॅन हीच दवंडी २५६ पत्त्यांसाठी एकापाठोपाठ एक पिटतो आणि ‘हो, माझा’ म्हणणाऱ्यांची नोंद करतो.

‘पिंग’ने विचारलं तर फायरवॉल लावलेला संगणक खुशाल गप्प बसतो. या दवंडीला मात्र गप्प बसून चालत नाही. उत्तर दिलं नाही, तर राउटरलाही त्याचा डेटा त्याच्यापर्यंत नेता येणार नाही. (झोपलेला फोन कधीकधी हाक चुकवतो, म्हणून आज्ञा दोन-तीनदा द्यावी.)

यादीतल्या दहा ओळी ओळखीच्या होत्या. अकरावीपुढे नाव होतं ‘एस्प्रेसिफ’. या नावाची एकही वस्तू घरात नव्हती. शेजारच्या कुणाला आमचा पासवर्ड कळला की काय, अशी शंका आली. मग एकेक वस्तू बंद करून पुन्हा आज्ञा द्यायला लागलो. गिझरचा स्मार्ट प्लग काढला आणि ती ओळ गेली! एस्प्रेसिफ ही शांघायची चिप बनवणारी कंपनी. प्लगवर छाप दुसऱ्याच कंपनीचा, पण आतली चिप आपल्या खऱ्या घराण्याचं नाव सांगत होती.

नाव कळलं ते मॅक पत्त्यावरूनच. हा पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते शक्य आहेत. सहसा त्यातले पहिले २४ बिट आयईईई ही अभियंत्यांची संस्था कंपनीला नेमून देते. उरलेल्या २४ बिटांत ती कंपनी १ कोटी ६७ लाखांहून जास्त यंत्रांना वेगवेगळे पत्ते देऊ शकते. कोणता गट कोणाचा, याची यादी आर्प-स्कॅनसोबतच येते.

फोन मात्र हल्ली घराणं लपवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ते प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, मनाने बनवलेला मॅक पत्ता वापरू शकतात, म्हणजे दुकानादुकानांतून आपला माग काढता येत नाही. मला हे फार चांगलं वाटतं. हा पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असतं.

प्लमर यांच्या नियमात उत्तर खरं की खोटं हे तपासायची सोय नाही. एखादं यंत्र ‘राउटर मीच’ असं खोटं सांगून इतरांचा डेटा स्वतःकडे वळवू शकतं. त्यावर नजर ठेवायला अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ‘आर्पवॉच’ तयार झाला. नवं यंत्र आलं किंवा एखाद्या आयपीमागचा मॅक पत्ता अचानक बदलला, की तो नोंद करतो. घरच्या नेटवर्कवर हे सगळं जरूर करून बघा. ऑफिसच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या नेटवर्कवर मात्र परवानगी घेतल्याशिवाय दवंडी पिटू नका.

यादी पुन्हा वाचताना लक्षात आलं की तिच्यात माझा संगणकच नाही. स्वतः पुकारलेल्या प्रश्नाला तो स्वतः उत्तर देत नाही. म्हणजे वाय-फायवर आम्ही बारा.