बग्गी सुटल्यावर

मुंबईतील व्हिक्टोरिया बग्ग्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये दिला आणि चालकांबरोबर घोड्यांच्या पुनर्वसनाचाही प्रश्न उभा राहिला. 2021 मध्ये विजेच्या बग्ग्या आल्या; पर्यटकांची सोय झाली.

घोड्याची सोय इतकी सोपी नसते. उपाशी घोडा सोडवून आणला की मायेपोटी घमेलंभर हरभरा पुढे ठेवणे घातक. घोड्याला उलटी होत नाही. एकदम दाणा पडला की पोटशूळ उठतो, खुरांना आतून सूज येते. म्हणून आधी थोडाथोडा वाळला चारा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, त्यामुळे नवा घोडा वेगळा बांधून रक्त तपासतात. फाटलेले खूर नालबंद दीड-दोन महिन्यांनी तासतो. दाढांची धारदार टोके कानशीने घासली नाहीत, तर अर्धवट चावलेला चारा तोंडातून गळतो.

अशा घोड्याचे चित्र काढताना चित्रकाराच्या नजरेलाही हालांच्या खुणा टिपाव्या लागतात: डोळ्यांवरचे खोल खड्डे, वर आलेला कणा, साजाखालचे केस गेलेले पट्टे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे उसळते घोडे इथे फारसे कामाचे नाहीत. महिन्या-महिन्याने काढलेली रेखाटने मात्र घोडा भरत चालल्याची चांगली नोंद ठरतात.

मुंबईत जखमी घोडा दिसला, तर परळचे जुने बैलघोडा हॉस्पिटल गाठावे.