लिफाफ्यावरची अक्षरे

व्हॉट्सॲपवर कोणाशी नव्याने संभाषण आरंभले की पडद्याच्या माथ्यावर एक लहानशी सूचना उमटते. हा संवाद उभयतांखेरीज कोणासही, अगदी कंपनीसही, वाचता येणार नाही, असे तिच्यात आश्वासन असते. हे आश्वासन खोटे नाही. एप्रिल २०१६ पासून तेथील प्रत्येक संदेश धाडणाऱ्याच्या फोनातच संकेतबद्ध होतो आणि तो उलगडण्याची किल्ली केवळ घेणाऱ्याच्या फोनात असल्यामुळे मधल्या सर्व्हरच्या हाती अर्थशून्य अक्षरांखेरीज काही लागत नाही. तथापि या सत्य आश्वासनावर विसंबून आपले खाजगी आयुष्य सुरक्षित झाले असे जो समजतो, त्याने आपल्या पत्रव्यवहाराच्या अर्ध्याच भागाचा विचार केलेला असतो.

पत्राचा मजकूर बंद लिफाफ्यात राहिला, तरी घेणाऱ्याचे नाव, गाव आणि टपालखात्याचा तारखेचा शिक्का ही लिफाफ्यावर उघडीच असतात. त्यावाचून पत्र पोहोचायचे कसे? फरक इतकाच की, टपालवाल्याला कालचे लिफाफे आज आठवत नसत, आणि आजच्या यंत्रांना मात्र कोणी, कोणाला, किती वाजता, कोणत्या ठिकाणाहून संदेश धाडला अथवा फोन केला आणि किती वेळ संभाषण चालले, याची नोंद वर्षानुवर्षे जपता येते व क्षणार्धात चाळताही येते. या नोंदींना तंत्रज्ञ ‘मेटाडेटा’ म्हणतात. आपल्याकडे पोलीस तपासाच्या बातम्यांतून ‘सीडीआर’ या नावाने त्यांचाच एक प्रकार सर्वांच्या कानांवर पडत असतो.

केवळ अशा नोंदींवरून माणूस किती कळतो, याचा पडताळा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्या फोनच्या नोंदी स्वेच्छेने देणारे ८२३ जण त्यांना मिळाले होते. त्यांपैकी एका इसमाचे हृदयरोगतज्ज्ञांशी, वैद्यकीय प्रयोगशाळेशी, औषधांच्या दुकानाशी आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाच्या मदतकेंद्राशी झालेले दूरध्वनी एका रांगेत मांडताच, संभाषणाचा एक शब्दही न ऐकता, त्याच्या व्याधीचे निदान झाले. दुसऱ्याच्या घरी कोणत्या जातीची बंदूक आहे तेही कळले. मजकुरात माणूस शब्द जपून वापरू शकतो, प्रसंगी खोटेही लिहू शकतो. लिफाफ्यावरचा पत्ता मात्र त्याला खरा लिहावाच लागतो, आणि म्हणूनच मला या नोंदी मजकुराहून अधिक नाजूक वाटतात. अमेरिकेच्या दोन गुप्तचर संस्थांचे प्रमुखपद भूषविलेले मायकेल हेडन यांनी तर २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत अशी कबुली दिली की, या नोंदींच्या आधारे आम्ही माणसे ठार मारतो.

कायद्याला मात्र हे उमगण्यास फार काळ लागला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात असा निर्णय दिला की, फिरवलेला क्रमांक ग्राहक आपण होऊनच दूरध्वनी कंपनीच्या हवाली करतो, सबब तो मिळवण्यास पोलिसांना वॉरंटची आवश्यकता नाही. एका चोरट्याच्या प्रकरणात दिलेला हा निर्णय पुढे साऱ्या राष्ट्रावर पाळत ठेवण्याचा आधार झाला. व्हेरायझन कंपनीने आपल्याकडील यच्चयावत दूरध्वनींच्या नोंदी दररोज शासनाच्या स्वाधीन कराव्यात, असे गुप्त न्यायालयाचे फर्मान गुप्त कागदपत्रे फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे जून २०१३ मध्ये उजेडात आले. अखेर २०१८ मध्ये टिमथी कार्पेंटर याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने आपली दिशा काहीशी बदलली. १२७ दिवसांत हा माणूस कोठे कोठे होता याची १२,८९८ टिपणे पोलिसांनी वॉरंटाविना मिळवली होती, आणि इतका सूक्ष्म मागोवा घ्यावयाचा तर वॉरंट हवेच, असे न्यायमूर्तींच्या बहुमताने ठरले.

आपल्याकडे कोणाचा दूरध्वनी ऐकावयाचा झाल्यास गृहसचिवांचा लेखी हुकूम लागतो आणि त्या हुकुमाची पुनर्विलोकन समितीकडून छाननी होते. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घालून दिलेली ही शिस्त अद्याप कायम आहे. त्याच दूरध्वनीच्या नोंदी मागवावयाच्या असल्या, तर मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी पुरते. त्यातच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने या नोंदी जपण्याची किमान मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. अपहृत मुलाचा शोध अशा नोंदींवरून लागू शकतो हे मी नाकारीत नाही, आणि पोलिसांना त्या मिळूच नयेत असेही माझे म्हणणे नाही. परंतु जे दप्तर सुलभतेने उघडते ते केवळ सत्कार्यासाठीच उघडेल, अशी हमी कोणी द्यावी? २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर पैसे घेऊन विकणाऱ्या खाजगी गुप्तहेरांची टोळी पकडली, तेव्हा पती-पत्नींच्या संशयापायी या नोंदींचा कसा बाजार मांडला गेला होता ते महाराष्ट्राने पाहिलेच आहे.

नोंद मुळात ठेवलीच पाहिजे असाही काही निसर्गनियम नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया येथून सिग्नल या संदेशसेवेला दोन क्रमांकांविषयी असेल नसेल ती सारी माहिती सादर करण्याचा आदेश आला. त्यांतील एका क्रमांकाचे तेथे खातेच नव्हते. दुसऱ्याविषयी संस्थेला दोनच गोष्टी सांगता आल्या: खाते केव्हा उघडले आणि ते सर्व्हरशी शेवटचे केव्हा जोडले गेले. आदेश संस्थेने पाळला. देण्यासारखे तिच्यापाशी अधिक काही नव्हते, कारण सेवेची रचनाच तशी केलेली होती. व्हॉट्सॲपने मजकुरासाठी संकेतपद्धती घेतली ती सिग्नलचीच. नोंदींविषयीचा हा संयम मात्र घेतला नाही.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून या बाबतीत फारशी अपेक्षा धरता येत नाही, कारण शासनाने अधिसूचित केलेल्या आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्यातच केलेली आहे. मागणी आहे ती साधी: दूरध्वनी ऐकण्यास जो हुकूम व जी छाननी लागते, तीच त्याच्या नोंदींनाही लागावी, आणि तपास संपला व गुन्हा शाबीत झाला नाही, तर तुमच्या नोंदी अमुक तारखेस मागवल्या होत्या, असे लेखी कळविणे संबंधित खात्यावर बंधनकारक असावे.