मणभर कापूस, मणभर लोखंड

‘मणभर कापूस जड की मणभर लोखंड?’ हे कोडे ज्याने लहानपणी ऐकले नाही असा वाचक विरळाच! बहुतेकजण घाईघाईने ‘लोखंड’ म्हणतात आणि फसतात. मण तो मणच. मी पडलो मराठीचा अध्यापक. मला वाटते, येथे दोष बुद्धीचा नाही, भाषेचा आहे. ‘ट्रंक जड आहे’ म्हणताना आपल्या मनात तिचे वजन असते. ‘लोखंड कापसापेक्षा जड’ म्हणताना मात्र आपण सारख्याच आकाराच्या दोन वस्तूंची तुलना करीत असतो. या दुसऱ्या जडपणाला शास्त्रज्ञ ‘घनता’ म्हणतात.

वस्तूत द्रव्य किती, ते तिचे वस्तुमान. तिने जागा किती अडवली, ते आकारमान. आणि वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता. एक घनसेंटिमीटर पाणी एक ग्रॅम भरते, लोखंड सुमारे ७.९ ग्रॅम, सोने १९.३ ग्रॅम. खिळा असो वा तुळई, लोखंडाची घनता तीच.

आमच्या भिवंडीत हा भागाकार रोजच्या पोटापाण्याचा आहे. मागांचे हे गाव आता गोदामांचेही झाले आहे. मानकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूंना मालमोटारींची रीघ दिसते. मोटारीला मर्यादा दोन: भार किती सोसेल आणि जागा किती आहे. लोखंडी सळ्या घातल्या तर अर्धी गाडी रिकामी असतानाच भार पुरा होतो. उशा-गाद्या घातल्या तर गाडी काठोकाठ भरते, पण भार नाममात्र! म्हणून वाहतूकदार दोन्ही मोजतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात.

गेल्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींनी बंगळूरच्या भावाला चिवडा पाठवला. खोके ४० × ३० × २५ सेंटिमीटरांचे. काट्यावर भरले ३ किलो. कुरिअरच्या कारकुनाने गुणाकार करून ३०,००० घनसेंटिमीटर काढले, ५,००० ने भागले आणि ६ किलोंचे पैसे मागितले.

“अहो, तीन किलोंचा चिवडा तुमच्या टेबलावर सहा किलोंचा कसा झाला?”

“ताई, वजन तीनच आहे. जागा सहांची अडते.”

कारकुनाचे म्हणणे खरे होते. ५,००० घनसेंटिमीटरला १ किलो, या हिशेबाहून विरळ माल जागेचे भाडे भरतो, दाट माल वजनाचे. तेवढेच रव्याचे लाडू २० × २० × १५ च्या डब्यात मावले असते आणि ३ किलोंतच भागले असते!

आमच्या तालुक्यातले भातशेतकरी हेच तत्त्व बियाण्यासाठी वापरतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओततात. पोचट दाणे तरंगतात, भरीव तळाशी बसतात. टरफल दोघांचे सारखेच, म्हणजे आकारमान जवळजवळ तेच. उणे असते ते आतले सत्त्व. मग मीठ कशाला? साध्या पाण्यात अर्धवट भरलेले दाणेही बुडतात. मिठाने पाण्याची घनता किंचित वाढते आणि निवड अधिक काटेकोर होते. तळचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. हे न करता पोचट बी पेरले, तर अशक्त रोपांपायी सारा हंगाम पणाला लागतो.

आता घरोघरीचा प्रश्न दुधाचा. दुधाची घनता पाण्याच्या सुमारे १.०३ पट असते. पाणी मिसळले की ती उतरते आणि लॅक्टोमीटर अधिक खोल बुडतो. पण लबाडीही शास्त्र शिकते! स्निग्धांश हलका असल्यामुळे साय काढलेल्या दुधाची घनता वाढते. मग बेताने पाणी ओतले की ती पुन्हा मूळ अंकावर येते. बिचारा लॅक्टोमीटर फसतो. साखर घालूनही हीच किमया साधते. म्हणूनच दुग्धालयांत घनतेबरोबर स्निग्धांशही तपासतात. ज्या घरात लहानग्यांचे पोषण दुधावर आहे, त्या घराने नुसत्या काचेच्या नळीवर विसंबू नये.

वजन विचारावे, माप विचारावे, दोघांचा भागाकारही करावा. आणि त्यानंतर, आत नेमके काय आहे हेही विचारावे. गृहिणी भाजी घेताना एवढी चौकशी करतेच. शास्त्र तरी याहून वेगळे काय करते?