औषधे मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून
औषधांची जागा उंचावरच्या, कुलूप लागणाऱ्या कपाटात. फ्रिजचा माथा, उशाखालची जागा किंवा आजीची पिशवी सुरक्षित नसते. रांगणारे मूल बघता बघता खुर्चीवर चढू लागते. सर्वांत दुर्लक्षित धोका लोहाच्या गोळ्यांचा. गरोदर आईसाठी आणलेल्या या रंगीत गोळ्या मुलाला चॉकलेटच वाटतात, पण मोजक्या गोळ्याही त्याच्या जिवावर बेतू शकतात. आजी-आजोबांच्या मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. देव्हाऱ्यातला कापूरही यातच धरावा. तो पोटात गेल्यास काही मिनिटांत झटके येऊ शकतात. औषधाला ‘खाऊ’ म्हणू नये. मुलाने औषध गिळल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. वेष्टन सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.