राळेचे झाड : एका शब्दामागचे रान

गेल्या वर्षी बी.ए.च्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना 'टीकेची राळ उडवणे' पुढे आले. अर्थ सर्वांना ठाऊक होता. वर्तमानपत्रात तो रोजच भेटतो. पण राळ म्हणजे काय, असे विचारताच वर्ग गप्प झाला. एकाने 'धूळ' म्हटले. निपाणीकडच्या एका मुलीने विचारले, "सर, राळ्याचं धान्य पाखडताना कोंडा उडतो, तेच का?" उत्तर चुकीचे होते, पण मला ते आवडले. निदान तिने शब्दाला हात लावण्याजोगी एखादी वस्तू शोधली होती.

राळ म्हणजे झाडाचा सुकलेला चीक. तिची पूड पेटत्या मशालीवर फेकली की क्षणात मोठा भडका उठतो आणि धुराचा लोट येतो. उत्तर कानडातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीत झाले, ते पाहून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभे केले, हा इतिहास आपण शिकवतोच. त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस रंगभूमीवर यायचा तो राळेच्या भपक्यातून, आरोळ्या ठोकत. पुढे राक्षस गेला, मशाल गेली आणि राळ राजकीय बातमीदारांच्या हाती उरली.

त्या आठवड्यात मी बेळगावच्या बाजारातून थोडी राळ आणून वर्गात फिरवली. काचेसारखे पिवळट, ठिसूळ खडे. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, की आता येते ती बहुतेक पाइनची. म्हणजे चिडाची. जुन्या वैद्यकातली राळ मात्र सालवृक्षाची. कालिदासाने दिलीप राजाच्या उंचीला ज्याची उपमा दिली, तोच हा साल. आपल्याकडे सागाचे राज्य; पूर्वेचे टोक वगळता महाराष्ट्रात सालाची वने जवळजवळ नाहीत. मराठी लेखकाने साल पाहिला असेल तर तो बहुधा मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडात.

या सालाच्या कुळाला वनस्पतिशास्त्राच्या मराठीत शालकुल म्हणतात. शास्त्रीय नाव डिप्टेरोकार्पेसी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'दोन पंखांचे फळ'. फुलाच्या बुडाशी असलेली हिरवी निदले फळ धरल्यावर लांबत जातात आणि त्यांचे पंख होतात. फळ भिंगरीसारखे गरगरत खाली येते. आशियात या कुळाच्या साडेचारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या बोर्निओ बेटावर. तिथल्या सबाह प्रांतात २०१९ साली मोजलेला एक वृक्ष १०० मीटरहून उंच भरला.

या कुळाने आपल्या भाषेला दिलेले शब्द पाहिले की थक्क व्हायला होते. राळ तर झालीच. धूप, चंद्रूस. औषधात आणि देवघरात मानाचा असलेला भीमसेनी कापूर मुळात सुमात्रा-बोर्निओच्या याच कुळातल्या वृक्षाच्या खोडात सापडे. मलायी भाषेत अशा राळेला 'दामर' म्हणतात, आणि रस्त्यावरच्या आपल्या डांबराचे त्याच्याशी नाते सांगितले जाते. हे शब्द आपल्यापर्यंत आले कसे, याचा एक धागा आमच्या नदीतून जातो. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पुढे तिच्याच खोऱ्यात ऐहोळे लागते. ऐहोळेचे नाव मिरवणाऱ्या 'पाचशे' व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा शके १०१०, म्हणजे इ.स. १०८८चा तमिळ शिलालेख सुमात्रातल्या बारूस या कापराच्या बंदराजवळ सापडला आहे.

आता रानाकडे वळू. बोर्निओच्या शालकुली वनात कोणता महिना कोरडा, हे सांगणे कठीण. तिथली झाडे दरवर्षी फुलत नाहीत. दोन ते दहा वर्षे शांत राहतात आणि एखाद्या वर्षी, बहुधा एल निनोच्या कोरड्या काळानंतर, शेकडो मैलांवरच्या डझनावारी जाती एकदम बहरतात. काही महिन्यांत जमिनीवर फळांचा खच पडतो. रानडुकरे, पोपट, किडे खाऊन खाऊन थकतात, तरी बी उरते. दरवर्षी थोडे थोडे दिले असते तर खाणाऱ्यांनी सगळेच संपवले असते. या झाडांच्या मुळांशी बुरशीचे सूक्ष्म जाळे असते. नापीक मातीतून पोषणद्रव्ये ओढून ते झाडाला देते आणि झाड त्या बुरशीला साखर देते. झाडे तोडून दुसरे काही लावले की ही भागीदारी मोडते; नुसती रोपे लावून ते रान परत उभे राहत नाही, याचे हेही एक कारण.

एक गोष्ट मात्र आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. या झाडांचे बी साठवता येत नाही. ज्वारीसारखे ते पोत्यात झोपत नाही. पडले की थोड्याच दिवसांत रुजायचे, नाही तर मरायचे.

इथेच आमच्या भागाचे कोडे सुटते. आंबोलीला वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. चोर्ला, कणकुंबी, भीमगडचे रानही चिंब असते. मग तिथे शालकुलाचे उंच वृक्ष का नाहीत? कारण पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती महिने पडतो, याला महत्त्व आहे. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन. सह्याद्रीने उत्तरेकडे सरकावे तसे ते वाढत जातात आणि आमच्याकडे सात-आठ होतात. पावसात रुजलेल्या रोपाची कोवळी मुळे ऑक्टोबरनंतरचा तो उपास काढू शकत नाहीत. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील पास्काल यांनी १९८०च्या दशकात सह्याद्रीतील सदाहरित वनांची जी विभागणी केली, तिच्यात दक्षिणेची वने शालकुलाच्या नावाने येतात आणि आमच्याकडची अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या नावाने. आमचे सदाहरित रान त्यामुळे बुटके आहे. बुटके म्हणून कमी प्रतीचे नव्हे. मार्चमध्ये अंजनी निळी फुलली की कोणताही उंच वृक्ष नको वाटतो. साल मात्र लांब उन्हाळा सोसतो. त्याचे रोप वर्षानुवर्षे वरून मरते आणि मुळातून पुन्हा फुटते.

दक्षिणेला थोडे उतरले की चित्र बदलते. सिद्धापूर तालुक्यात कत्तलेकान नावाचे रान आहे. 'कत्तले' म्हणजे काळोख आणि 'कान' म्हणजे दाट सदाहरित राई. शालकुलातील उंच 'डिप्टेरोकार्पस इंडिकस' तिथे भेटतो. उत्तरेकडच्या त्याच्या अखेरच्या ठाण्यांपैकी हे एक. रेल्वेचे स्लीपर आणि प्लायवूड यांनी या जातीची मोठी हानी केली आणि आज ती संकटग्रस्त यादीत आहे. त्याच्याच नात्यातल्या एका वृक्षाला कन्नडमध्ये सरळ 'धूप' म्हणतात. मलनाडात रस्त्याकडेला त्याच्या रांगा आहेत. 'होपिया पोंगा' या लहान चुलत्याला कन्नडमध्ये 'हैगा' म्हणतात आणि मराठीत 'कवशी'.

'कवशी' हे नाव माझ्या वर्गात कोणालाच माहीत नव्हते. मलाही ते उशिरा, पुस्तकातूनच कळले. उत्तर कानडा १९५६पर्यंत आधी मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता, त्यामुळे कुक आणि टॅलबट यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत ही झाडे 'आपली' म्हणून आली. पुढे राज्यांच्या रेषा बदलल्या आणि ती मराठी वाचकाच्या नकाशाबाहेर गेली. आज बोर्निओवरचा एखादा लेख मराठीत आणणारा अनुवादक एक तर शास्त्रीय नाव तसेच ठेवतो, नाही तर 'द्विपक्षफलवृक्ष' असे काही तरी घडवतो. मला दुसरा मार्ग पटत नाही. तो शब्द कोणाच्याही तोंडी बसणार नाही. कुळासाठी 'शालकुल' पुरेसा आहे. झाडासाठी 'धूप' आणि 'कवशी' घ्यावेत, आणि गरज पडली तर 'हैगा'ही. सीमाभागात कन्नड शब्द उचलला म्हणून भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. पण 'राळ'ही कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेच, तिच्यावर कोणी हक्क सांगितलेला नाही.

या कुळाचा भूतकाळही राळेतच सापडतो. सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची राळ मिळाली. तिच्यात त्या काळचे कीटक जसेच्या तसे अडकले आहेत, आणि ती शालकुलातल्या झाडांची आहे. भारताचा भूखंड आशियाला भिडल्यावर हे कूळ इथून पूर्वेकडे पसरले असावे, असे मानले जाते.

दोन वर्षांपूर्वी घराचे काम काढले होते. सुताराने विचारले, "सर, चौकटीला सागवान परवडणार नाही. मलेशिया साल घालू का?" मी होकार दिला. मलेशिया साल हा आपला साल नव्हे. बहुधा त्याच कुळातल्या तिकडच्या लाकडांना बाजाराने दिलेले ते नाव. वर्गात राळेचे खडे फिरवून झाल्यावर मी मुलांना हेही सांगितले. निपाणीच्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले, "सर, आमच्या दाराची चौकट पण तीच आहे. बाबांना विचारलं."