झाडांनाही ऊन बाधते!

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सहा-सात महिने छान वाढलेली शोभेची कुंडी एखाद्या रविवारी कौतुकाने गॅलरीत ठेवली जाते. झाडाला जरा ऊन मिळू दे, एवढाच हेतू. पाणी वेळेवर घातले जाते, माती ओली असते. तरीही तीन-चार दिवसांत पाने पांढुरकी पडतात, मग त्यांवर तपकिरी चट्टे उमटतात. घरात कुणाला तरी दोष द्यायचा म्हणून पाणी घालणाऱ्याला दिला जातो. तो बिचारा निर्दोष असतो. पानाला झेपणार नाही इतका प्रकाश मिळालेला असतो.

झाडे सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात, हे शाळेत सगळेच शिकतात. त्या धड्याची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. पानातले हरितद्रव्य समोर येईल तेवढा प्रकाश शोषत राहते. ‘पुरे’ म्हणणे त्याला ठाऊक नाही. साखर बनवण्याचा वेग मात्र मर्यादित असतो. त्यामुळे भर दुपारी पुष्कळ ऊर्जा शिल्लक राहते, आणि ती जवळच्या प्राणवायूवर जाऊन पडते. प्राणवायूची तिथे कमतरता कशी असेल? पाण्याचे विघटन करून पान स्वतःच तो तयार करत असते!

ही ऊर्जा हरितद्रव्याकडून थेट प्राणवायूला मिळाली, तर ‘सिंगलेट ऑक्सिजन’ तयार होतो. एखादा इलेक्ट्रॉन वाट चुकून प्राणवायूला चिकटला, तर ‘सुपरऑक्साइड’ बनतो आणि त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. होय, केसांचा रंग उडवण्यासाठी ब्यूटी पार्लरमध्ये वापरतात तेच. प्रकाशात ठेवलेली हरितलवके ते तयार करतात, हे मेहलर या शास्त्रज्ञाने 1951 मध्येच दाखवले होते. प्राणवायूची ही उग्र रूपे पानातली प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जाळत सुटतात. पान पांढरे पडते ते यामुळेच.

मग रानातली झाडे दिवसभर उन्हात कशी तगतात? त्यांचा बंदोबस्त चोख असतो. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड गटातली पिवळी द्रव्ये काही मिनिटांतच कामाला लागतात आणि जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यातूनही सुपरऑक्साइड तयार झालाच, तर एक एन्झाइम त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि दुसरे एन्झाइम क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचे पाणी करून टाकते. पाण्यापासून निघून पुन्हा पाण्यापाशी येणाऱ्या या फेऱ्याला जपानचे शास्त्रज्ञ कोझी आसादा यांनी 1999 मध्ये ‘वॉटर-वॉटर सायकल’ असे नाव दिले. हिरव्या पाल्यातले क जीवनसत्त्व आपल्या जेवणासाठी नसते, ते असे पानाच्या स्वतःच्या कामाचे असते. आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते, तो रंगही थोडे ऊन अडवतो असे मानतात.

हा बंदोबस्त तोकडा पडला तर काय होते, ते पॅराक्वाट या तणनाशकावरून दिसते. ते पानातले इलेक्ट्रॉन मध्येच पळवून प्राणवायूला देते. सुपरऑक्साइडचा असा पूर येतो, की फवारलेले तण उन्हात काही तासांतच करपू लागते. अंधारात तेच विष फार सावकाश काम करते. माणसाच्या पोटात गेले, तर हाच प्रकार फुप्फुसांत घडतो आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. उरलेले तणनाशक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरात ठेवण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतू शकते.

सावलीत वाढलेल्या पानात ही पिवळी द्रव्ये आणि एन्झाइमे बेताचीच असतात. ती वाढायला काही दिवस लागतात. म्हणून कुंडी बाहेर ठेवताना सुरुवातीला सकाळचे तासभर कोवळे ऊन पुरे. मग आठ-दहा दिवसांत ते हळूहळू वाढवावे. थंडीच्या दिवसांत तर अधिक जपावे, कारण गारठ्याने साखर बनवण्याचे काम मंदावते, ऊन मात्र तितकेच असते. पांढरी पडलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. अशी कुंडी सावलीत न्यावी, घाईने खत घालू नये आणि अर्धवट हिरवी पाने कापू नयेत. नवी पालवी त्यांच्याच जोरावर फुटते.