मुंगीला पंख फुटले की...

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की हिंगोलीत ओट्यावरच्या दिव्याखाली पंखांचा खच पडतो. त्यातले बहुतेक उधळीचे, चारही सारख्या लांबीचे. त्या गर्दीत कधी दीडेक सेंटीमीटरची काळी, जड पोटाची मुंगी सापडते. कंबर बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. ही मुंगळ्यांची राणी.

मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. नरांना ते तंतोतंत लागू पडतं. मीलन झालं की त्यांचा खेळ आटोपतो. राणी मात्र पक्षी-पालींच्या तावडीतून सुटली, तर पायांनी दाबून स्वतःचे पंख मोडून टाकते आणि जमिनीत शिरते. पंख गेले तरी उडायचे स्नायू उरतातच. ते शरीरातच विरघळतात आणि त्यावर पहिल्या अळ्या पोसल्या जातात. नराकडून एकदाच मिळालेले शुक्राणू तिला जन्मभर पुरतात.

हे सगळं घरी बघता येतं. परीक्षानळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. नळी काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची. खाऊ घालायचा नाही, उघडून बघायचंही नाही. नवशिक्याला हेच जमत नाही. तो रोज कापड उचलून बघतो आणि बिथरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. पहिल्या कामकरी निघतात त्याही किरकोळ अंगाच्या, अर्धपोटी वाढलेल्या. त्या आल्या की साखरपाण्याचा थेंब आणि मेलेला डास द्यायचा.

मुंग्यांचा हा नाद जुनाच. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांनी 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये इथल्या मुंग्यांवर लिहिलं. त्यांचे नमुने स्वित्झर्लंडला मुंगीतज्ज्ञ फोरेल यांच्याकडे ओळख पटवायला जात. आता राण्या विकायलाही पकडतात. 2025 मध्ये केनियात सुमारे 5,000 राण्या नळ्यांत भरून नेऊ पाहणारे दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. कोर्टाने त्यांना दंड ठोठावला. असा माल परदेशात निसटला, तर तिथल्या मुंग्यांची धडगत नसते.

युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत पावणेएकोणतीस वर्षं जगली. आपला हिंगोली जिल्हा 1999 साली झाला, यावरून हिशेब करा. एवढा संसार सांभाळायची तयारी नसेल, तर नळी भरूच नका. भरलीच, तर एकच राणी घ्या, बाहेरगावी पाठवू नका आणि कंटाळा आला तर जिथे सापडली त्याच बांधावर सोडून या.